राजेगावच्या पुलावरून समुद्रापर्यंत



गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल, तर राजेगावचा पूल तुम्हाला माहीत असेलच. खालून बाघ नदी वाहते. अलीकडे आपला महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. चिचगडकडच्या डोंगरातून निघालेली ही नदी सिरपूर आणि पुजारीटोल्याच्या धरणांत थोडी विसावा घेते, आमगाव-गोंदियाच्या धानपट्ट्याला पाणी देते आणि पुढे वैनगंगेला मिळते. नोकरीच्या निमित्ताने या पुलावरून मी किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही. पण पुलावर थांबून खाली नीट पाहिले ते एकदाच, आणि त्या दिवशी जे दिसले ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

२०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस आलेला पूर आठवतो ना? वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि वैनगंगा दोन्ही काठ सोडून पसरली. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर नुकसानीच्या पाहणीसाठी आम्ही नदीकाठच्या गावांतून हिंडत होतो. त्या फेरीत मी राजेगावच्या पुलावर गाडी थांबवली.

काठावरच्या बाभळींना फुले आली आहेत असे लांबून वाटले. पांढरी, निळी, काळी. जवळ जाऊन पाहतो तो काय, फुले कसली, पन्नीच्या चिंध्या! पाणी जिथवर चढले होते तिथवर प्रत्येक काटेरी फांदीला चिंधी लोंबत होती. दुधाची पिशवी, बियाण्याची पिशवी, युरियाच्या चुंगडीचे धागे, गुटख्याच्या पुड्या, ताडपत्रीचे तुकडे. पुराने जणू आपल्या गावांच्या उकिरड्यांचा पंचनामाच करून झाडांवर टांगून ठेवला होता.

खाली घाटावर एक म्हातारे ढिवर बाबा जाळे झटकीत बसले होते. मी विचारले, "बाबा, मासोळी मिळते का?" ते म्हणाले, "मिळते साहेब. पण आधी पन्नी निवडा लागते, मग मासोळी. तांदळातले खडे निवडाव तसं." एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेले नाही.

आता प्रश्न असा, की झाडाला अडकली ती अडकली, पण जी अडकली नाही ती गेली कुठे?

चला, आपण तिच्याबरोबर जाऊन पाहू. बाघ नदीने ती वैनगंगेत नेली. वैनगंगा म्हणजे शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावी उगम पावलेली, बालाघाटला वळसा घालून आपल्या तिरोड्याकडे येणारी नदी. धापेवाड्याची उपसा सिंचन योजना हिच्यावर, आणि गोंदिया शहराचे पिण्याचे पाणीही डांगोर्लीच्या घाटावरून हिचेच. पुढे ती भंडाऱ्याला जाते. आंभोऱ्याजवळ तिला कन्हान मिळते आणि कन्हानबरोबर नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणीही येते. त्याच्या खाली पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण. ३३ दरवाजांचे हे धरण. त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसवली गेली. आपल्या चुलबंद आणि गाढवी नद्याही पुढेमागे वैनगंगेलाच मिळतात. मग वडसा, मग मार्कंड्याचे देऊळ. चपराळ्याजवळ वर्धा नदी येऊन मिळते आणि दोघींचे नाव प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत जाते.

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात निघालेली गोदावरी आणि आपल्या मुलखातली वैनगंगा, दोघींचे पाणी तिथून एकच. तेलंगणातले भद्राचलम, मग डोंगरांची खिंड, मग राजमहेंद्री. तिथल्या धवळेश्वरमला आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा घातला आणि त्या पाण्यावर आंध्रचा सगळा गोदावरी त्रिभुज प्रदेश धानाचे कोठार झाला. म्हणजे आपले पाणी एका धानाच्या मुलखातून निघून दुसऱ्या धानाच्या मुलखात जाते. बंधाऱ्याखाली नदीला गौतमी, वसिष्ठा असे फाटे फुटतात आणि शेवटी बंगालचा उपसागर.

त्या मुखाजवळ कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. जवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालायला येतात. पावसाळ्यात समुद्रातला हिलसा मासा गोदावरीच्या गोड्या पाण्यात अंडी घालायला वर चढतो. तिकडे त्याला पुलसा म्हणतात आणि त्याला सोन्याचा भाव मिळतो. खालून वर मासा येतो आणि वरून खाली आपली पन्नी जाते. ही देवाणघेवाण काही बरी नाही.

तुम्ही म्हणाल, "साहेब, एवढ्या लांब आपली पन्नी अखंड कशी जाईल?" बरोबर आहे. ती अखंड जातच नाही. खरी गोम तिथेच आहे.

लाकूड कुजते, तणस कुजते, तागाचे बारदान दोन पावसाळ्यांत मातीला मिळते. कारण जमिनीतले जिवाणू त्यांना खातात. प्लास्टिक खाऊन फस्त करणारे जिवाणू आपल्या मातीत नाहीत म्हटले तरी चालेल. मग प्लास्टिकचे होते काय? ऊन त्याला ठिसूळ करते. जुनी ताडपत्री हाताने चोळली की तिची भुकटी होते, हे तुम्ही पाहिले असेल. मग बैलांचे खूर, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरची चाके आणि नदीतले दगडगोटे त्याचे तुकड्यांचे तुकडे करतात. पाच मिलिमीटरहून, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढ्या आकाराहून, लहान झालेल्या या तुकड्यांना शास्त्रज्ञ मायक्रोप्लास्टिक म्हणतात. आपण सूक्ष्म प्लास्टिक म्हणू. इंग्लंडचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली समुद्राच्या वाळूतले असे कण दाखवून दिले आणि तेव्हापासून जगाचे लक्ष तिकडे गेले. ध्यानात घ्या, प्लास्टिक दिसेनासे होते, पण नाहीसे होत नाही.

हे कण दोन जातींचे असतात. पिशव्यांचे आणि चुंगड्यांचे प्लास्टिक पाण्याहून हलके, ते तरंगत जाते. नायलॉनचे जाळे, टेरिकॉटचा धागा, पाण्याची बाटली यांचे प्लास्टिक पाण्याहून जड, ते तळाशी बसते. तरंगणाऱ्या कणांवरही शेवाळ चढले की तेही जड होऊन गाळात उतरतात. म्हणून हिवाळ्यात नदी शांत वाहते तेव्हा हे कण डोहांच्या गाळात साठत राहतात. मग पूर येतो आणि वर्षभराची साठवण एका दमात उचलून नेतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या नद्यांच्या तळाचा गाळ पुराच्या आधी आणि नंतर तपासला गेला. २०१८ साली त्याचा निष्कर्ष आला. तळातले सुमारे ७० टक्के सूक्ष्म प्लास्टिक पुराने धुऊन नेले होते. आपल्याकडचे पूर तर तिकडच्या पुरांहून कितीतरी मोठे.

आपल्या देशातही पाहणी झाली आहे. २०१९ साली महिला शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील एका पथकाने गंगेच्या मुखापासून उगमाकडे जात पाण्याचे नमुने घेतले. २०२१ साली त्यांनी अंदाज मांडला, की गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्या मिळून दिवसाला १ ते ३ अब्ज सूक्ष्म कण बंगालच्या उपसागरात सोडत असाव्यात. त्यातले बहुतेक कण म्हणजे कपड्यांचे बारीक धागे होते. बंगालचा उपसागर म्हणजे आपल्या वैनगंगेचेही शेवटचे घर.

पूर्वी असा समज होता, की जगातल्या दहा-वीस मोठ्या नद्याच समुद्रात प्लास्टिक नेतात. २०२१ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने तो मोडला. त्यानुसार वर्षाला ८ ते २७ लाख टन प्लास्टिक नद्यांवाटे समुद्रात जाते आणि त्यातले ८० टक्के एक हजाराहून अधिक नद्या मिळून नेतात. त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान लहान नद्या पुष्कळ आहेत. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. समुद्रापासून दूर टाकलेले पुष्कळसे प्लास्टिक समुद्रापर्यंत पोचतच नाही, ते वाटेतच अडकते.

हे वाचून कुणाला वाटेल, की बरे झाले, समुद्राचे पाप आपल्या माथी नाही. पण थोडा विचार करा. वाटेत अडकते म्हणजे कुठे अडकते? आपल्या नाल्यात, आपल्या बोडीत, आपल्या मामा तलावात, आपल्या बांधीत. समुद्राला जाते ती समुद्राची पीडा आणि जात नाही ती आपली.

आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव पाहा, गावोगावचे मालगुजारी तलाव पाहा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार ओळखून बांधलेल्या पाळी आजही पाणी धरून आहेत. तलावाचे काम पाणी थोपवायचे, गाळ खाली बसवायचा. पण तलावाला गाळ कोणता आणि प्लास्टिक कोणते हे कळत नाही. तो दोन्ही धरून ठेवतो. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत आपण तोच गाळ काढून शेतात टाकतो. योजना चांगली आहे, गाळ सोन्यासारखा आहे. पण त्या सोन्याबरोबर आपलीच टाकलेली पन्नी तुकडे होऊन आपल्याच घरी परत येते.

एका जिल्हा परिषद शाळेत मी मुलांबरोबर एक खेळ केला. तुम्हीही घरी करू शकता. पुरानंतर काठावर बसलेला गाळ वाळवून घेतला. एका काचेच्या बरणीत पाण्यात विरघळेल तेवढे मीठ विरघळवले आणि त्यात मूठभर गाळ टाकून ढवळले. माती खाली बसली, वर काडीकचरा आणि कण तरंगले. ते फडक्यावर गाळून बियाणे तपासायच्या भिंगाखाली धरले. कोंडा कोणता आणि प्लास्टिक कोणते हे कसे ओळखावे? त्यासाठी गुरुजींनी सुई तापवून लावली. कोंड्याचा कण काळा पडून जळला, प्लास्टिकचा कण आक्रसून गोळा झाला. दोन्ही हातांची बोटे संपेपर्यंत मुलांनी मोजले, मग मोजायचे सोडून दिले. एक लहान मुलगी म्हणाली, "सर, हे आता कोण वेचणार?" तिला उत्तर द्यायला माझ्याजवळ काही नव्हते. कारण एकदा मसुराहून बारीक झालेला कण माणसाच्या हाताने वेचता येत नाही. वेचायची वेळ त्याच्या आधीची. ती धुऱ्यावरची.

इथे मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आपला जिल्हा अजून भंडाऱ्यातच होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्या काळी उन्हाळी धानाचा प्रचार जोरात होता. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पऱ्हे पिवळे पडतात, वाढत नाहीत. म्हणून रात्री पऱ्ह्यांवर पन्नी झाका आणि सकाळी काढा, असा सल्ला मी गावोगाव देत फिरलो. सल्ला चुकीचा नव्हता. पऱ्हे तरारले, रोवणी वेळेवर झाली, लोक खूश झाले आणि माझीही पाठ थोपटली गेली.

काही वर्षांनी त्यातल्याच एका गावी गेलो. धुऱ्यावर, नाल्यात, तुरीच्या ओळीत त्या पन्नीच्या चिंध्या. एक गाय चिंधी चघळीत उभी. मी जरा चिडूनच म्हणालो, "हे काय करून ठेवलंत?" तेव्हा रोवण्याला आलेली एक बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, पन्नी झाका म्हणून तुम्ही सांगितलं. काढून कुठं ठेवायची ते कुठं सांगितलं?"

खरे सांगतो, मला खाली मान घालावी लागली. पन्नी, ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचा कागद, शेततळ्याचे अस्तर, सगळे आम्हीच घरोघर पोचवले. वापरायचे कसे ते सांगितले, आवरायचे कसे ते सांगितले नाही. जगभर असेच झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ च्या अहवालात म्हटले आहे, की शेती आणि पशुपालनात वर्षाला सुमारे सव्वाशे लाख टन प्लास्टिक वापरले जाते.

आपल्यासारखाच धान पिकवणाऱ्या जपानचे उदाहरण पाहा. तिकडे खत हळूहळू मिळावे म्हणून खताच्या दाण्यावर प्लास्टिकचा पातळ लेप देतात. खत विरघळते आणि रिकामे टरफल बांधीत उरते. पुढच्या चिखलणीला ही टरफले तरंगून वर येतात, पाणी सोडले की नाल्यात आणि तिथून समुद्रकिनाऱ्यावर जातात. शेवटी २०२२ च्या जानेवारीत तिथल्या शेतकरी सहकारी संघाने आणि खत उत्पादकांच्या संस्थांनी मिळून ठरवले, की २०३० पर्यंत अशा लेपावर अवलंबून राहायचे नाही. आपला युरिया निंबोळीच्या तेलाचा, त्यात ही भानगड नाही. पण बांधीतून सोडलेल्या पाण्याबरोबर काय काय जाते याचा धडा त्यातून घ्यावा.

आणि हे काही फक्त माशांचे दुखणे नाही. २०२२ साली नेदरलँडमध्ये २२ माणसांचे रक्त तपासले, तर १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी सरकार करील. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिक पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पण कायदा धुऱ्यापर्यंत चालत येत नाही. तिथे आपणच हवे. जे काम त्या वेळी सांगायचे राहून गेले, ते आज सांगतो.

खताची चुंगडी विळ्याने कोपरा कापून उघडू नका. तोंडाच्या शिवणीचा दोरा एका टोकाने ओढला की शिवण सरसर उसवते, तुकडा पडत नाही आणि चुंगडी धान भरायला उपयोगी पडते. बांधीच्या कडेच्या झाडाला एक रिकामी चुंगडी टांगून ठेवा. बियाण्याची पिशवी, पुड्या, दोरीचे तुकडे त्यात टाका. औषधाच्या बाटल्या मात्र वेगळ्या ठेवा. त्या तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्यातच ओता, बाटलीला भोक पाडा आणि ती घरात वापरू नका.

पुंजण्यावरची ताडपत्री काम झाल्यावर उन्हात पडू देऊ नका, सावलीत घडी करून ठेवा. जास्त वर्षे टिकेल. तिची भुकटी व्हायला लागली की तिचा मोह सोडा. भाजीपाल्यावर आच्छादन करणार असाल तर अगदी पातळ कागद स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. तो काढताना फाटतो आणि निम्मा जमिनीतच राहतो. २५ ते ३० मायक्रॉनचा घ्या आणि पीक निघताच गुंडाळून काढा.

भगिनींना एक विशेष विनंती. पन्नी शेतात जाते ती बहुतेक उकिरड्यातून. घर झाडलेला कचरा शेणाबरोबर उकिरड्यात जातो आणि उन्हाळ्यात शेणखताबरोबर बांधीत पसरतो. घरात दोन टोपल्या ठेवा. कुजते ते एकीत, न कुजते ते दुसरीत. एवढ्याने निम्मे काम झाले समजा. निर्माल्य नदीवर नेताना पन्नीतून काढून ठेवा. लग्नाच्या पंगतीला पळसाची पत्रावळ आणि द्रोण मांडा. आपल्या जंगलात पळसाला तोटा नाही आणि पत्रावळी लावणाऱ्या बायांना चार पैसे मिळतात.

आणि कृपा करून पन्नी जाळू नका. तिचा धूर विषारी असतो आणि उरलेली राखसुद्धा पावसाने नाल्यातच जाते. साठवलेले प्लास्टिक कबाड्याला द्या. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यासाठी प्लास्टिक कचरा हाताळणाऱ्या केंद्राची तरतूद आहे. आपल्या तालुक्याचे केंद्र कुठे आहे, गाडी कधी येते, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. विचारायला लाजू नका.

यंदाही रोवण्याच्या आधी राजेगावच्या पुलावर थांबलो होतो. बाभळींवर जुन्या चिंध्या अजून आहेत, ऊन खाऊन झिरझिरीत झालेल्या. येत्या पुरात त्या भुकटी होऊन वैनगंगेला, गोदावरीला आणि समुद्राला जातील. त्यांना आता कुणी थांबवू शकत नाही. पण नव्या चिंध्या जाऊ द्यायच्या की नाही, हे तुमच्या-माझ्या हाती आहे.

त्या ढिवर बाबांचे जाळे मला आठवते. तांदळातले खडे निवडायला आपण घरी बसतो, कारण ते आपल्या ताटात येणार असतात. नदीतली मासोळीही कुणाच्या तरी ताटात जातेच. आज संध्याकाळी शेतातून परतताना धुऱ्यावर पडलेली एक पन्नी उचलून घरी आणा. एवढी एक गोष्ट मला तेव्हाच सांगायला हवी होती.